‘मृत्युंजय’ परत का द्यायचे?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

‘मृत्युंजय’ आपल्याकडे येऊन महिनाही झाला नाही, तोच ते शारजाच्या काकूंना परत का द्यायचे आणि सगळे आपापली प्रत विकत का घेत नाहीत, असे तू विचारलेस. जेवताना उत्तर अर्धवट राहिले, म्हणून लिहितो आहे.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 साली आली. बेताच्या पगारात घर चालवणाऱ्यांना असा जाडजूड ग्रंथ घेणे सोपे नव्हते, त्यामुळे तो शेजाऱ्यांकडून किंवा वाचनालयातून आणला जाई. पण पुढे ऐपत आली तरी ही देवघेव थांबली नाही, आणि त्याचे कारण मला कादंबरीच्या रचनेतच दिसते. कर्णाची कथा येथे एकटा कर्ण सांगत नाही. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण हेही आपापली बाजू मांडतात, त्यामुळे पुस्तक मिटल्यावर कोणाचे चुकले यावर कोणाशी तरी बोलल्यावाचून राहवत नाही, आणि त्यासाठी समोरच्यानेही ते वाचलेले असावे लागते. तुझी आजी कुंतीला शेवटपर्यंत क्षमा करायला तयार नव्हती. पुस्तक देणारा ‘सावकाश वाचा’ म्हणतो खरा, पण त्याला वाद घालायला जोडीदार हवा असतो!

देण्याबरोबर धास्तीही जुनीच आहे. हस्तलिखित पोथीच्या शेवटी एक संस्कृत श्लोक आढळतो, त्यात पोथीच म्हणते की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. कोणालाच देऊ नका, असे मात्र ती म्हणत नाही. म्हणून आपण कव्हर घालतो आणि कोणाकडे काय गेले ते वहीत टिपतो. नाशिकला 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले, त्यात तर पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटागटांतून फिरतात, आणि अशा पेट्या आपल्या दुबईतही आल्या आहेत.

तुझा वृषालीचा भाग राहिला आहे ना? काकू शुक्रवारी येतील, तोवर तो संपव; पान दुमडू नकोस, खूण म्हणून कागदाची पट्टी ठेव. आणि काकू दुर्योधनाच्या बाजूच्या आहेत, तेव्हा तुझे म्हणणे तयार ठेव.

तुझा,
बाबा