पहिल्या ओळीत मनातलं लिही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "काकू, आता स्वतःची खोली आहे तरी अभ्यास होत नाही. आणि कॉलेजचा विषय निघाला की घरात भांडण." एवढंच लिहिलंस. फोनवर बोलून भागलं असतं, पण मला हे नीट, सावकाश सांगायचंय.

आधी खोलीचं. तू वाढलीस वरळीच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ फुटांत. मीही तिथलीच, तुमच्या समोरच्या खोलीतली. मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. माझी बारावी त्या पॅसेजमध्ये झाली. सगळ्यांची जेवणं आटपली की दारात चटई टाकायची, पाठ भिंतीला, मांडीवर पाट आणि पाटावर वही. येणारे-जाणारे पाय वाचवून जायचे. सेकंड शिफ्ट करून बाराच्या सुमारास परतणारे कुणाचे तरी वडील विचारायचे, "अजून जागी?" त्या दोन शब्दांवर मी आणखी तासभर बसायचे.

ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीच्या पुनर्विकासातल्या, वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात तुमची एक. पाचशे फूट, दोन बेडरूम, संडास घरात. दार लावता येतं. आणि दार लावल्यावरच तुझं लक्ष उडतं, यात तुझं काही चुकलेलं नाही. इतकी वर्षं तुझ्या अभ्यासाभोवती गजबज होती, कुणाची तरी नजर होती. ती एका दिवसात उठली. बंद दारामागे एकटीनं बसायची सवय आपल्या चाळीत कुणालाच नव्हती, ती लागायला वेळ लागतो. महिनाभर दार उघडंच ठेव. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव. पलंगावर वही घेऊन बसू नकोस, जुन्या खोलीतलं फोल्डिंग टेबल खिडकीशी लाव.

खोली तुझी आणि आजीची मिळून, आणि आजी नऊला दिवा मालवायला लावते, ही तुझी तक्रार मला समजते. पण पोरी, आजी कित्येक वर्षं मोरीच्या कडेला, दोन पत्र्याच्या पेट्यांमधल्या जागेत अंथरूण घालून झोपली. तिलाही खोली पहिल्यांदाच मिळालीय. रात्री नऊ ते अकरा तू हॉलमध्ये बस, टीव्ही बंद ठेवायचं मी तुझ्या बाबांना सांगते. पहाटे पाचला आजी उठून देवपूजेला लागली की खोली तुझी. कॉलेज, मग दादरचा क्लास, बसनं घरी यायला आठ वाजतात, त्यानंतर डोकं तसंही शिणलेलं असतं. पहाटेचे दोन तास तुला जास्त लाभतील.

आता कॉलेज. तू पाठवलेली पसंतीच्या कॉलेजांची यादी मी तीनदा वाचली. वरच्या आठ ओळींत कॉम्प्युटर आणि आयटी, नवव्या ओळीला माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजचं टेक्स्टाईल. लहानपणापासून मी तुला बघतेय. दुकानात कापड चिमटीत धरून उजेडाकडे करणारी, ताणा-बाणा मोजणारी मुलगी तू. ते नवव्या ओळीला का? नव्या खोलीत खिडकीजवळची बाजू हवी होती, तेही तू घरात बोलली नव्हतीस. जे सगळ्यात जास्त हवं असतं तेच तू मागे ठेवतेस, आणि याचीच मला काळजी वाटते.

बाबांचा राग मी समजू शकते. तुझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं तोंड बघायला मिळालं नाही. ज्या धंद्यानं बापाला घरी बसवलं त्यात पोरीला घालायचं, हे त्यांना कसं पचेल? त्यांच्याशी वाद घालू नकोस, माहिती दे. आज टेक्स्टाईल म्हणजे साच्यावर उभं राहणं नव्हे. गाडीतली एअरबॅग, ऑपरेशनचे टाके घालायचा धागा, रस्त्याखाली अंथरायचं जिओटेक्स्टाईल, हे सगळं त्यातच येतं. तिकडं इचलकरंजीत डीकेटीई संस्था त्याच १९८२ साली सुरू झाली, म्हणजे मुंबईत भोंगे थांबत होते तेव्हा तिथं कापडाचं शिक्षण उभं राहत होतं. व्हीजेटीआय तर १८८७ पासूनचं, गिरण्यांच्या भरभराटीच्या काळातलं. माटुंग्यालाच आयसीटीमध्ये, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, तंतू आणि कापडावरच्या प्रक्रियांचा बी.टेक. आहे. कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्या कॉम्प्युटरला जास्त असतात, हे खरं आहे. बाबांनी विचारलं तर तेही लपवू नकोस.

फॉर्मबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, दरवर्षी मुलं इथंच फसतात. सीईटीनंतर कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, पसंतीक्रम भरायचा असतो. जागा देताना तुझी यादी वरून खाली तपासतात. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. म्हणून कटऑफ बघून नव्हे, मनातल्या ओढीनं क्रम लाव. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती तुला घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा पहिली ओळ कुणाला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

फीचं दडपण असेल तर ऐक. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, हा सरकारचा निर्णय २०२४ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल यांचं काम आत्ताच काढ, जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. पत्ता बदललाय, तेव्हा आधी आधार आणि रेशनकार्ड एकमेकांशी जुळतात का बघ.

मी रविवारी दुपारी येते. यादी नव्यानं, स्वतःच्या हातानं, कागदावर लिहून ठेव. बाबांसमोर ती तू वाचायचीस, मी शेजारी बसेन. आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र आजीनं पेटीत जपून ठेवलंय ना? ते काढून ठेवायला सांग तिला.

तुझी,
समोरच्या खोलीतली काकू