‘कशावरून?’ विचारलं तर उत्तर देणारं गॅरेज

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: नव्या शहरात आलात, जुना ओळखीचा मेकॅनिक मागे राहिला, गाडीतलं फारसं कळत नाही. आता खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट येते म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी चारही शॉक ॲब्सॉर्बर आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलायला सांगितले. यांच्यावर विश्वास ठेवावा का, आणि नसेल तर विश्वासाचं गॅरेज शोधायचं कसं?

खटखटीकडे शेवटी येतो. आधी माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो, कारण गॅरेज कसं पारखायचं हे मी त्यातून शिकलो.

मी मेकॅनिक नाही, पण गाडी जुनी असल्यामुळे गॅरेजच्या फेऱ्या पुष्कळ झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वी माझी गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सुरूच होईना. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच. मग ‘अल्टरनेटर चार्ज करत नाहीये’ म्हणून अल्टरनेटर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी स्टार्टर मोटरचं नाव निघालं, तेव्हा मी गाडी तिथून काढली आणि दुसरीकडे नेली.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी काहीच खोललं नाही. बंद गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला: १२.६ व्होल्ट. इंजिन चालू करून पुन्हा लावला: १४.२. म्हणजे बॅटरी ठीक आणि चार्जिंगही ठीक. मग चावी काढून, दारं बंद करून त्याने अर्धा तास गाडी तशीच ठेवली, कारण हल्लीच्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक युनिटं शांत व्हायला वेळ घेतात. त्यानंतर मीटरवर दिसलं की उभ्या गाडीत ४०० मिलिअँपिअर करंट जातोय. तो साधारण ५० च्या आत असायला हवा. एकेक फ्यूज काढत गेला आणि एका फ्यूजला आकडा झपकन खाली आला. तो आतल्या दिव्यांचा फ्यूज होता. डिकीचं झाकण लावल्यावरही आतला छोटा दिवा विझतच नव्हता, कारण त्याचा स्विच बिघडला होता. ०.४ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे रोज जवळजवळ १० अँपिअर-तास. माझी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. चौथ्या दिवशी तिने मान टाकली तर तिचा काय दोष?

बिलात एक स्विच होता आणि तपासणीची मजुरी. मजुरी स्विचच्या किमतीच्या कितीतरी पट होती आणि मी ती आनंदाने दिली.

पहिल्या गॅरेजचे लोक चोर होते असं मला आजही वाटत नाही. ते अंदाजाने पार्ट बदलत होते, एवढंच. पण अंदाज त्यांचा आणि बिल माझं, असा तो व्यवहार होता. म्हणून माझ्या मते ‘प्रामाणिक माणूस’ शोधायला निघण्याआधी ‘आधी मोजणारा, मग खोलणारा माणूस’ शोधा. प्रामाणिकपणा चेहऱ्यावर वाचता येत नाही, कामाची पद्धत मात्र पहिल्याच भेटीत दिसते. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा सेवांचा एक वेगळा वर्गच मांडला होता: काम झाल्यावरसुद्धा ते खरंच गरजेचं होतं का, हे गिऱ्हाईकाला सांगता येत नाही, अशा सेवा. गाडीची दुरुस्ती त्यात चपखल बसते. तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं यात तुमचा भाबडेपणा काही नाही, हा व्यवहारच तसा आहे.

माझं हत्यार एकच आहे. कुठलाही पार्ट बदलायला सांगितला की शांतपणे विचारायचं, ‘कशावरून?’ चांगल्या उत्तरात एखादा आकडा असतो, नाहीतर बोट ठेवून दाखवता येईल अशी एखादी गोष्ट असते. ‘पॅड संपलेत’ याला मी विचारतो, किती उरलेत? नवीन ब्रेक पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं, ३ च्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली. डिस्क बदलायला सांगितली तर तिची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, ती वाचून दाखवता येते. बॅटरी गेली असेल तर लोड टेस्टचा, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेल्या चाचणीचा, निकाल दाखवा. चाकांचं अलाइनमेंट केलं असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद द्या. यातलं काहीही तुम्हाला आधीपासून माहीत असण्याची गरज नाही. विचारल्यावर समोरचा दाखवायला उठतो की वैतागतो, तेवढं बघा.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, थोडं जास्त सांगतो, कारण आजकाल सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोड आला आणि ‘कॉम्प्युटरनेच सांगितलंय’ म्हणून पार्ट बदलला, असं होतं. पण कोड बिघाडाचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. उदाहरणार्थ ‘पी ०४२०’ हा कोड म्हणतो की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या पार्टचं) काम कमी पडतंय. कन्व्हर्टर खरंच गेलेला असू शकतो, पण मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं रीडिंग देत असेल किंवा सायलेन्सरच्या पाइपाला गळती असेल तरी हाच कोड येऊ शकतो. कन्व्हर्टर हा गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक. कोड वाचल्यावर जो मेकॅनिक पुढे आणखी दोन चाचण्या करतो, त्याच्याकडे गाडी ठेवावी.

उलट, काही गोष्टी ऐकताना फसवणूक वाटतात पण खऱ्या असतात. गाडी फारशी चालली नसली तरी ब्रेक ऑईल बदला, असं कुणी म्हटलं तर चिडू नका. नेहमीचं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबताना हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. टायमिंग बेल्टचंही तसंच, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं. तो तुटेपर्यंत बहुधा कुरकुरत नाही, आणि पुष्कळ इंजिनांत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एसीचा गॅस मात्र दर उन्हाळ्याला भरायची वस्तू नाही. ती बंद यंत्रणा आहे. गॅस वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याकडे तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. काय कधी बदलायचं हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका गॅरेजमध्ये जाताना हातात असू द्या.

आता शोधायचं कुठे? रिव्ह्यू मी वाचतो, पण तारे मोजत नाही. ‘त्यांनी सांगितलं की हे आत्ता बदलायची गरज नाही’ अशी एखादी ओळ सापडते का ते बघतो. गाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारणं याहून चांगलं: टॅक्सीवाले, माल पोचवणारे, ड्रायव्हिंग स्कूलवाले. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्यांचं उत्पन्न बुडतं, त्यामुळे टाळाटाळ करणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. तुमच्या गाडीच्याच कंपनीची, तेवढीच जुनी गाडी चालवणाऱ्यांनाही विचारा. मिळालेल्या नावांपैकी एखाद्याकडे आधी छोटं काम न्या. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर गॅरेज निवडायची वेळ आली तर ती निवड उरतच नाही. ऑईल बदलण्याइतक्या साध्या कामातही बरंच दिसतं: पुस्तिकेतलाच ग्रेड वापरला का, फिल्टर नवा आहे का, पुढच्या सर्व्हिसचे किलोमीटर लिहून दिले का, जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली का.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की खाजगी गॅरेज, यावर माझं मत सरळ आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत, आणि सॉफ्टवेअर किंवा एअरबॅगचं काम असेल तर, कंपनीकडे. कंपनीने एखादा दोष कबूल करून गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम सहसा फुकट होतं, त्यासाठी चासिस नंबर देऊन चौकशी करा. बाकी झिजेच्या कामांसाठी मला खाजगी गॅरेज आवडतं, कारण ज्याने काम केलं त्याच्याशीच बोलता येतं.

दोन अटी मात्र काम सुरू होण्याआधीच घाला. पहिली, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारा लेखी अंदाज द्या आणि त्याबाहेरचं काम फोन केल्याशिवाय करू नका. दुसरी, काढलेले पार्ट मला परत हवेत. काही नव्या पार्टांवर जुना जमा करावा लागतो, तेव्हा निदान तो बघायला मिळाला पाहिजे. ही दुसरी अट नंतर घातली तर उपयोग नाही, तोवर पार्ट भंगारात गेलेला असतो.

आणि आपल्या बाजूनेही एक पाळावं. ‘शॉक ॲब्सॉर्बर बघा’ असं सांगू नका. ‘डावीकडून, छोट्या खड्ड्यांवर, हळू चालवताना आवाज येतो’ असं सांगा. पार्टचं नाव आपणच दिलं की तोच पार्ट बदलला जातो. तपासणीचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. तपासायला पैसे न घेणाऱ्याला ते पार्ट विकूनच मिळवावे लागतात.

आता तुमची खटखट. आवाज एकाच चाकाकडून येत असताना चारही शॉक ॲब्सॉर्बर कशावरून, हे त्या गॅरेजने तुम्हाला दाखवलेलं नाही, म्हणून तिथे काम देऊ नका. दुसऱ्या मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर आवाज येतो तिथून चक्कर मारा. मग गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि परवानगी घेऊन खाली उभे राहा. शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावर तेल ओघळलंय का बघा. पहारीने बुश (सांध्यातली रबरी गादी) आणि बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा फिरता सांधा) हलवून पाहायला सांगा, ढिला असेल तो तुमच्याही डोळ्यांना हलताना दिसेल. छोट्या खड्ड्यांवरच्या खटखटीत पुष्कळदा स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी कडी) सापडते, आणि ती या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. शॉक ॲब्सॉर्बरच गेला असेल तर पुढचे दोन्ही एकदम बदलायला सांगतील, ते बरोबर आहे, जोडीनेच बदलतात. पण बॉल जॉइंट ढिला निघाला तर ते काम पुढे ढकलू नका. तो निसटला तर चाकावरचा ताबाच सुटतो. तो घट्ट असेल आणि नुसती लिंक ढिली असेल, तर आधी तेवढी बदलून त्याच रस्त्यावरून पुन्हा चक्कर मारा. आवाज राहिलाच तर काय बदललं आणि काय दिसलं ते इथे खाली लिहा, मी पुढचं सांगतो.