आधी लासलगावला जाऊन ये
विकासाचं राजकीय अर्थशास्त्र शिकायचंय म्हणतोस ना, मग अहवालांचा गठ्ठा उघडण्याआधी एक सकाळ लासलगावच्या बाजार समितीत काढ. व्यापारी ट्रॉलीपुढे थांबतो, दोन-चार कांदे हातात दाबून बघतो, भाव पुकारतो, पुढे सरकतो. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल तेवढ्यात लागतो.

मग तारखा शेजारी शेजारी मांड. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान होतं २० मेला! शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून बंदी, आणि तिची झळ इथल्या कांदा साठवायच्या चाळीपासून थेट ढाक्याच्या बाजारापर्यंत. निफाडच्या शेतकऱ्याला आणि ढाक्याच्या गिऱ्हाइकाला विचारलं कुणी?

हाच प्रश्न खिशात ठेवून मोठ्या संस्थांकडे बघ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे नकाराधिकार कुणाचा, हे तूच सांग. जागतिक बँकेचा अध्यक्षही आजवर अमेरिकी नागरिकच झालाय. 'सुशासन', 'क्षमताबांधणी' असले त्यांच्या अहवालांतले शब्द मी पहिली दोन वर्षं नुसते वहीत उतरवत होतो, तो वेळ वायाच गेला. तू त्यांच्या कर्जाच्या अटी वाच.

आणि हो, लासलगावला सोमवारी जा. रविवारी लिलाव नसतो.