कोपराला तेल लावण्याआधी: दंडाच्या स्नायूंविषयी प्रश्नोत्तरे

दंडात काहीही दुखले की ‘बायसेप्स दुखतो’ असे लिहून येते. म्हणून आधी एवढेच: दंडाच्या पुढच्या बाजूला बायसेप्स, त्याच्या खाली ब्रेकिअॅलिस आणि वर आतल्या अंगाला छोटा कोराकोब्रेकिअॅलिस. मागे एकटा ट्रायसेप्स.

प्रश्न: रोज बायसेप्स मारतो, तरी दंड भरत नाही. पावडर वाढवू का?

नको. दंडाचा निम्म्याहून जास्त भाग ट्रायसेप्सचा असतो, त्याला कामाला लावा आणि मध्ये एखादा दिवस विश्रांती द्या. पावडरच्या डब्याबरोबर कोणी ‘इंजेक्शन’ही सुचवत असेल, तर ती जिम सोडा.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे. कपाट सरकवताना बेटकुळी घसरून कोपराकडे आली. दुखत फारसे नाही.

बायसेप्सला खांद्याकडे दोन टोके असतात. त्यातले लांब टोक तुटलेले दिसते. दुसरे शाबूत असल्याने या वयात सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. खांद्यातले इतर टेंडनही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) झिजलेले असू शकतात, म्हणून एकदा तपासून घ्या.

प्रश्न: वय ४५. पोते उचलताना कोपरापाशी ‘टक’ झाले, काळेनिळे पडले. दहा दिवस मलम लावतोय.

मलम पुरे. हे बायसेप्सचे खालचे टोक आहे आणि ते एकच असते. कोपर काटकोनात वाकवून तळवा वर करा. दुसऱ्या हाताचे बोट बाहेरच्या बाजूने कोपराच्या खळगीतल्या दोरीखाली अडकवून पाहा. दोरी सापडली नाही तर टेंडन बहुधा पूर्ण तुटला आहे. सापडली तरी अर्धवट तुटलेला असू शकतो. दोन-तीन आठवड्यांनंतर तो वर आखडून चिकटतो आणि जोडणे अवघड होते. न जोडल्यास स्क्रू पिळण्याची ताकद बरीच जाते. उद्याच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न: मुलाच्या कोपराचे प्लास्टर निघाले, हात सरळ होत नाही. शेजारी मालीशवाल्याचे नाव सुचवतात.

अजिबात नेऊ नका. ब्रेकिअॅलिस कोपराच्या सांध्याला अगदी लगटून जातो. हाड मोडते किंवा सांधा निखळतो तेव्हा तोही फाटतो, त्यात रक्त साचते. ते रगडले, हात जोराने ताणला, की पुन्हा रक्तस्राव होतो आणि स्नायूतच हाड धरू लागते. तीन-चार आठवड्यांत ते एक्स-रेवर दिसते, कोपर जाम होते. मग ते काढायचे तर पक्के होईपर्यंत कित्येक महिने थांबावे लागते. ‘पाण्याची बादली धरून उभा कर’ हा सल्लाही तितकाच घातक. मुलाने स्वतःच्या ताकदीने, दुखणार नाही इतपत, दिवसातून चार-पाच वेळा हात वाकवावा व सरळ करावा. मुलांचा आखडलेपणा बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप सुटतो. डॉक्टरांना पुढची तारीख विचारा, ‘हमखास बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नव्हे.

ताज्या दुखापतीवर बांबूच्या कामट्या आवळून बांधणे तर त्याहून वाईट. बोटे सरळ करताना असह्य कळ येत असेल, ती थंड किंवा बधिर पडत असतील, तर पट्टी सोडून तासाभरात रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहिली तर हात कायमचा वाकडा होऊ शकतो.

प्रश्न: खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलो, सकाळी मनगट उचलेना.

दंडाच्या हाडामागून वळसा घेणारी रेडियल नस दबली असावी. बहुतेकदा काही आठवड्यांत सुधारते, तोवर मनगटाला पट्टा लागतो. तरी याच आठवड्यात दाखवा. बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल तर तो पक्षाघात असू शकतो, आत्ताच रुग्णालयात निघा.