‘सूर्याची क्रांती’ बरोबर आहे का?

जुन्या नौकानयनावरच्या एका लेखात ‘खलाशाला त्या दिवसाची सूर्याची क्रांती ठाऊक असावी लागे’ असं वाक्य आलंय. इथे ‘क्रांती’ चुकून पडलंय का, असा प्रश्न आहे. चुकून नाही पडलं. खगोलगणितात क्रांतीचा हा अर्थ उठाव-उलथापालथीच्या अर्थापेक्षा कितीतरी जुना आहे.

मूळ धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणं, चालून जाणं. आक्रमण, अतिक्रमण, संक्रांत ही त्याचीच भावंडं. सूर्य विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला जितके अंश सरकलेला असतो, ती त्याची क्रांती, म्हणजे डेक्लिनेशन. २१ जूनच्या सुमारास ती उत्तर साडेतेवीस अंश असते, २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिण साडेतेवीस. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात परमक्रांती, म्हणजे जास्तीत जास्त क्रांती, २४ अंश धरली आहे. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते ना? त्या दिवशी सूर्याची क्रांती मुंबईच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे १९ अंश झालेली असते.

खलाशाला तिची गरज का पडे? ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, साधारण तितका आपला अक्षांश. पण आफ्रिकेच्या किनाऱ्याने पोर्तुगीज जहाजं विषुववृत्ताखाली उतरली आणि ध्रुव बुडाला. उरला सूर्य. तो मात्र रोज जागा बदलतो. उदाहरणार्थ, २२ डिसेंबरला मुंबईत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. ९० मधून ते वजा केले की साडेबेचाळीस उरतात. त्यातून त्या दिवसाची दक्षिण क्रांती, साडेतेवीस, काढली की १९ अंश, म्हणजे मुंबईचा अक्षांश, हाती येतो. क्रांती माहीत नसेल तर वेध कितीही चोख घ्या, उपयोग शून्य.

ही अडचण सोडवणाऱ्यांत अब्राहम झाकूतोचं नाव मी आवर्जून घेईन. हा स्पेनमधल्या सालामांकाचा ज्यू ज्योतिर्विद. त्याने हिब्रूत मोठा ग्रंथ रचला होता. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा तो पोर्तुगालला आला. तिथे १४९६ मध्ये लैरिया गावी त्याचं पंचांग छापलं गेलं. त्यात सूर्याची रोजची स्थानं होती आणि त्यांवरून क्रांती काढायचं कोष्टकही. पुढच्याच वर्षी वास्को द गामा भारताकडे निघाला. आणि त्याच सुमारास ज्यूंवर धर्मांतराची सक्ती सुरू झाली म्हणून झाकूतोला पोर्तुगालही सोडावं लागलं. तो ट्यूनिसला गेला. ज्याच्या आकड्यांनी दर्यावर्दींना ठिकाण सापडायचं, त्याला स्वतःला ठिकाण उरलं नाही, हे मला फार लागतं.

लिहिताना एवढं पाहा: सुटा शब्द ‘क्रांती’ दीर्घ, समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व, जसं क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग). आणि वाचक गोंधळेल असं वाटलं तर पहिल्या उल्लेखात ‘रविक्रांती’ लिहावं.