बॅट न हलवता ‘स्ट्राइक’, आणि ‘एम्पायर’ नव्हे, अंपायर!

प्रश्न आहे : ‘बेसबॉलमध्ये फलंदाजाने बॅट हलवलीच नाही तरी पंच “स्ट्राइक” कसा देतो? आणि स्ट्राइक झोनला “प्रहारक्षेत्र” म्हणावे का?’

स्ट्राइक म्हणजे फटका, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चांगले चेंडूही सोडून देत नुसते उभे राहणाऱ्या फलंदाजांना आळा घालायला १८५८मध्ये नियम आला : मारण्याजोगा चेंडू सोडला तरी तो मारल्यात जमा. तेव्हापासून स्ट्राइक म्हणजे ‘मारायला हवा होता’.

असा चेंडू ठरवणारी जागा म्हणजे स्ट्राइक झोन. ती रुंदीला होम प्लेटएवढी, म्हणजे फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीएवढी, १७ इंच. खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखालची खळगी. वरची, खांदा आणि पँटचा वरचा काठ यांच्या मधोमध. हद्दी फलंदाज फटक्याच्या तयारीत असतानाच्या पवित्र्यावरून ठरतात, त्यामुळे ऐनवेळी खाली वाकून काही साधत नाही. चेंडू जवळजवळ ३ इंच व्यासाचा, आणि त्याची कड नुसती चाटून गेली तरी पुरते. म्हणून पंचाला दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक चेंडू जास्तीचा धरावा लागतो. तो कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या मागे, कॅचर आणि फलंदाज यांच्यामधल्या फटीतून पाहतो. डोके स्थिर, फिरतात ते डोळे, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये गेल्यावर क्षणभर थांबून निर्णय. तो फार खाली वाकला की बाहेरचा खालचा कोपरा कॅचरआड जातो. ग्लोव्हवरून ठरवले तर फसगत ठरलेली : वळणारा चेंडू प्लेटवरून नीट जाऊनही झेलला जातो तो खाली, आणि कॅचर ग्लोव्ह हळूच आत ओढतो ते वेगळेच.

आता पंचाला, म्हणजे अंपायरला, काहीजण म्हणतात तो ‘एम्पायर’. हा उच्चार ऐकला की कानात खडा जातो. साम्राज्याशी या शब्दाचे काही नाते नाही. मूळ जुन्या फ्रेंचमधले ‘नॉनपेर’, म्हणजे सम नसलेला : दोघांत न मोडणारा तिसरा. इंग्रजीत ‘अ नंपायर’चे तोडताना चुकून ‘अॅन अंपायर’ झाले आणि ‘न’ गळाला. आपले नारिंगही युरोपात पोचता पोचता असाच ‘न’ हरवून ऑरेंज झाले!

आणि आपला पंच? पाच, म्हणजे विषमच! ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणून पाचाला पावित्र्य चिकटवणारे विद्वान मला मुळीच पटत नाहीत. पाचांत मते समसमान फुटत नाहीत, हेच माझ्या मते खरे कारण. घटनापीठातही किमान ५ न्यायाधीश लागतात, ४ नव्हे. दोन दूरच्या भाषांनी निवाडा करणाऱ्याला विषमतेवरूनच नाव द्यावे, याहून सुंदर जुळणी मला माहीत नाही. त्यात होम प्लेटही १९००पासून पंचकोनी!

हो, ‘प्रहारक्षेत्र’. नको, तिथे प्रहार होतोच असे नाही. ‘फटक्याचा आवाका’ म्हणा.