गॅस वितरकांच्या संघटनेचे सभासद व्हावे का? तिचा नेमका उपयोग काय?

आपण सोलापुरात गॅस एजन्सी सुरू करत आहात आणि वितरकांच्या संघटनेने काय साधते, असे विचारले आहे. मी याच शहरात बरीच वर्षे वितरक आहे. सभासद जरूर व्हा. मात्र बहुतेक जण ज्या कारणासाठी होतात, ते मला दुय्यम वाटते.

ते कारण कमिशनचे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवरील आपले कमिशन केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे एकट्या वितरकाला घासाघीस करायला जागाच नसते. डिझेल, पगार आणि गोदामाच्या खर्चाचा हिशेब मांडून निवेदन द्यायचे, ते संघटनेनेच. हे व्हायलाच हवे.

परंतु आपण विकतो तो प्रोपेन आणि ब्यूटेन यांचा मिश्र वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली की जमिनीलगत साचून राहतो. एखाद्या एजन्सीच्या माणसाने वॉशर न तपासता सिलिंडर दिला आणि दुर्घटना घडली, तर लोक त्या एजन्सीचे नाव विचारत बसत नाहीत; विश्वास सगळ्यांवरचाच उडतो. म्हणून प्रशिक्षण हे संघटनेचे पहिले काम, असे माझे ठाम मत आहे.

या बाबतीत अमेरिकेतील व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथे नॅशनल प्रोपेन गॅस असोसिएशन ही संघटना सरकारदरबारी व्यवसायाची बाजू मांडते. प्रशिक्षण, सुरक्षितता आणि संशोधन यांसाठी मात्र १९९६ च्या कायद्याने वेगळ्या परिषदेची तरतूद झाली आणि तिचा खर्च गंध मिसळलेल्या प्रोपेनवर गॅलनमागे बसवलेल्या, जास्तीत जास्त अर्ध्या सेंटच्या, आकारणीतून चालतो. हा पैसा कायदे आपल्या बाजूने वळवण्यासाठी वापरण्यास त्याच कायद्याने बंदी केली आहे. मागण्यांची आणि शिकवण्याची थैली निराळी ठेवली, की शिकवण्याचा पैसा मोर्चे-निवेदनांत संपत नाही; हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

सोलापुरात तर शिकवणे भाषेपाशीच अडते. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. आमच्याकडचा एक डिलिव्हरीचा माणूस तेलुगू भाषक आहे. खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशा एका घरात त्याला काम करताना मी पाहिले. त्याने सील काढून व्हॉल्व्हमधले वॉशर बोटाने चाचपले, वर साबणाचे पाणी सोडले आणि बुडबुडा येत नाही हे त्या बाईंना वाकून पाहायला लावले. मग कड्याखालच्या पट्टीवरील अक्षर दाखवून, ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यापुढे वर्ष, ही सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत, ती उलटली असेल तर सिलिंडर घ्यायचा नाही, हे त्याने तेलुगूतून समजावले. त्याच घरात मराठी माहितीपत्रक आधीपासून होते, डब्याखाली अंथरलेले. असे शिकवणारी माणसे प्रत्येक एजन्सीने स्वतंत्रपणे तयार करणे परवडत नाही. सर्वांनी मिळून वर्ग घेतला तर सहज जमते.

तेव्हा पहिल्याच बैठकीत वर्गणीचा किती भाग प्रशिक्षणावर खर्च होतो आणि गळतीच्या तक्रारींची नोंद सर्व वितरक एकमेकांना दाखवतात का, हे स्पष्ट विचारा. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक आपल्या प्रत्येक कामगाराला पाठ आहे का, याची खात्री मात्र एजन्सी उघडण्यापूर्वी आपणच करून घ्या.